तरन्नुम काय म्हणाली

मिसबा आपांनी चिमूटभर साखर तरन्नुमच्या ओठांत सारली, तिची ओढणी डोक्यावर पुढे ओढली आणि दिवाणखान्याच्या दिशेने तोंड करून जाहीर करून टाकलं, "मुबारक हो. मुलीची कबुली आहे."

तरन्नुमची अम्मी सलीमा समोशांचं ताट घेऊन दारात उभी होती. कबुली? कधी झाली? ती तर इथेच होती, डोळे उघडे, कान शाबूत. आपांनी विचारलं, "बेटा, शहेजादचा रिश्ता तुला मंजूर आहे ना?" आणि तरन्नुम समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. एवढंच झालं होतं. यात 'हो' कुठून येऊन कुठे गेलं, हे सलीमाला काही केल्या उमगेना.

आता रीत म्हणाल तर रीत आहे. कुवारी मुलगी तोंड उघडून हो म्हणत नाही. ती गप्प बसते आणि तिचं गप्प बसणं हीच तिची कबुली. सलीमाच्या वेळीही असंच झालं होतं आणि तिचं काही वाईट झालं नाही. पण ही मुलगी जर्मनीहून आल्या दिवसापासून गप्प होती. दूधवाल्यासमोर गप्प, वॉचमनसमोर गप्प, वरच्या मजल्यावरच्या तनुजाताई खिडकीतून हाका मारून दमल्या तरी गप्प. मग काय तिने सगळ्या गुलटेकडीला कबुली दिली होती?

"आपा," सलीमा थोरल्या नणंदेला हलकेच म्हणाली, "डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केलीय. तुम्हाला ठाऊक आहे."

"बोलायची केलीय ना? मान हलवायची तर नाही केली." आपांनी साखरेची वाटी खाली ठेवली. "नको असतं तर हलवली असती. मानेला काय झालंय तिच्या?"

खरंच, मानेला काय झालं होतं? मोबाईलवर लिहून दाखवायची सोय नव्हती, तो आपांनी सकाळीच कपाटावर ठेवला होता, कारण पाहुण्यांसमोर पोरगी टकटक करत बसली तर शोभत नाही. पण मान तर होती. सलीमाने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तरन्नुम कॅलेंडरवरून नजर काढायला तयार नव्हती.

शहेजादची अम्मी पलंगावर बसली होती. बाई स्वभावाने गरीब, उगीच नाक मुरडणारी नव्हे. ती सरकून तरन्नुमच्या जवळ आली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आता तिकडे परत जायचा विषयच नको हं. लग्न याच थंडीत करून टाकू. इथे गा की हवं तेवढं. खराडीला आमच्या सोसायटीत गणपतीत केवढा कार्यक्रम असतो."

सलीमाने ताट खाली ठेवलं.

तरन्नुम ऑपेरात गाते, हे खानदानात सगळ्यांना माहीत होतं. ऑपेरा म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. सलीमा विचारणाऱ्याला सांगायची, "आपल्याकडे संगीत नाटक असतं ना, तसंच. फक्त माइक नसतो, आणि पुढे भलामोठा वाद्यवृंद बसलेला असतो, त्या सगळ्यांच्या डोक्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा." मग थोड्या तोऱ्यात पुढचं सांगायची, की आपली मुलगी सोप्रानो आहे, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच आवाज. एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणायचा, "बरं. पण नोकरी काय करते?"

फेफडी बापाची, यात वाद नव्हता. नियाज मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे आडते. ते लिलावाला उभे राहिले की चार गाळे सोडून पलीकडच्या हमालांनाही भाव ऐकू जायचा. पण त्या फेफड्यांना वळण लावलं ते कॅम्पातल्या रोशन मिसनी. शाळेच्या प्रार्थनेत या पोरीचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी सलीमाला बोलावणं धाडलं. पहिलं वर्षभर त्या बाईने गाऊच दिलं नाही. जमिनीवर उताणं झोपवायचं, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं आणि श्वासाने ते वर उचलायला लावायचं. मग ओठांची फुरफुर. मग नुसता आ. सलीमा कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून लसूण सोलायची आणि मनात म्हणायची, हे गाणं आहे की व्यायामशाळा? पुढे पोरगी जर्मनीला शिकायला गेली, तिथल्याच एका लहान शहराच्या थिएटरात लागली. मोलकरीण झाली, दुसऱ्या एका खेळात आणखी एक मोलकरीण झाली, एकदा पडद्यामागून गाणारा पक्षी झाली. आणि यंदा पहिल्यांदा मुख्य काम मिळालं.

त्याच कामाच्या तालमीत, सर्दी अंगावर काढून गाताना, स्वरतंतूवरची एक बारीक रक्तवाहिनी फुटली. तिकडच्या डॉक्टरने सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. थिएटरने रजा दिली, पण तालमी पुन्हा सुरू होतील तेव्हा हजर व्हायचं, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. म्हणून तरन्नुम घरी आली. गप्प राहण्यासाठी माणूस या घरात येतो, यावरूनच खरं तर कळायला हवं होतं, की पोरीची अक्कल ठिकाणावर नाही.

सलीमा दिवाणखान्यात आली तेव्हा अल्ताफ, तिचा धाकटा दीर, पेढ्यांचा बॉक्स फिरवत होता.

"भाभी, ग्रुपवर टाकलं मी."

"काय टाकलं?"

"बात पक्की म्हणून. दुबईच्या खालाचं माशाल्ला आलंसुद्धा. सोलापूरवाले विचारतायत तारीख काय."

"अल्ताफभाई, जरा दम धरायचा."

"दम कसला? आपा आतून मोठ्याने म्हणाल्या ना? सगळ्यांनी ऐकलं." त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. हिरवे, गुलाबी फुलांचे गुच्छ एकाखाली एक येत होते. इथे मुलगी काय म्हणाली तेच कोणाला सांगता येईना आणि तिकडे सोलापूर तारखेपर्यंत पोचलं होतं.

शहेजाद बाल्कनीच्या दाराशी उभा होता. उंच, नीटनेटका मुलगा, एका आयटी कंपनीत कामाला. त्याच्या हातातही पेढा होता आणि तो त्या पेढ्याचं काय करायचं याच विचारात असावा. नियाज सोफ्यावर बसले होते. शनिवार म्हणून यार्ड बंद, पण माणूस दिवसभर लिलाव करून आल्यासारखा थकलेला दिसत होता. त्यांनी सलीमाला डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे चल म्हणून खुणावलं.

"काय म्हणाली ती?" आत येताच त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"म्हणजे हो?"

"अहो, म्हणजे काही नाही म्हणाली."

"सलीमा, तू आई आहेस तिची. तुला नाही कळायचं तर कोणाला?"

"आणि तुम्ही अब्बा नाही का? लिलावात व्यापाऱ्याची भुवई हलली की भाव धरता. पोरीची भुवई वाचा की."

"हलली असती तर वाचली असती," नियाज म्हणाले. ते ओट्याला टेकून उभे राहिले. "मला वाटलं होतं, तुला हे हवंय. म्हणून मी मध्ये पडलो नाही."

"मला वाटलं, तुम्हाला हवंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"आपांनी. तुम्हाला?"

"आपांनीच."

एरवी सलीमा हसली असती. मिसबा आपा आयुष्यभर शनिवार पेठेत बसून साऱ्या खानदानाची लग्नं अशीच जुळवत आल्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त संसार सुखाचे झाले होते. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. तरन्नुम लहान असताना टायफॉइडने पडली, तेव्हा महिनाभर आपाच उशाशी बसून होत्या. पोरगी जवळ असावी, एवढीच त्यांची हाव. आणि खरं सांगायचं तर सलीमाची तरी दुसरी काय होती?

"डॉक्टरांना विचार," नियाज म्हणाले. "बोलायची परवानगी कधी मिळणार ते विचार. तोपर्यंत पाहुण्यांना थांबा म्हणू. तोंडाने बोलली की मिटलंच."

एवढं सांगून ते बाहेर गेले. सलीमाने इथे तरन्नुमचा घसा तपासणाऱ्या डॉक्टर नम्रतांना फोन लावला. शनिवारी त्या उचलतील असं वाटलं नव्हतं, पण उचलला.

"अहो सलीमाताई, तिला तर मागच्याच तपासणीला सांगितलंय मी," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त पूर्ण उतरलंय, सूज नाही. रोज थोडं थोडं बोलायचं, हळूहळू आवाज वर न्यायचा. का, बोलत नाहीये का ती?"

"नाही."

"अजिबात नाही? अहो, मग उलट आखडेल ना ते."

"डॉक्टर, आणि गाणं? येईल ना परत?"

"बोलणं नक्की येईल. वरचा आवाज किती परत येतो, ते ती गायल्याशिवाय मलाही नाही सांगता येणार."

सलीमाने फोन ओट्यावर ठेवला. आता तर डोक्याचा पार भुगा झाला. बोलता येत होतं. मागच्या तपासणीपासून येत होतं. तरी बोलली नाही. म्हणजे बंदीमुळे गप्प नव्हती. मग कशामुळे? लाजून? म्हणजे आपांचंच बरोबर होतं? खरंच 'हो' होतं?

आणि तिला आनंद झाला. एकदम, पोटातून झाला. खराडी काय लांब आहे? रिक्षाने जाता येईल. जुम्म्याला दोघं जेवायला येतील. मुलगा चांगला, त्याची अम्मी गरीब. तिकडच्या बर्फात पोरगी एकटी आजारी पडलीय हे मोबाईलवर कळायचं, ते सगळं संपेल. हा फोन लावल्याचं बाहेर कोणालाच सांगायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळपर्यंत अंगठी आली असती.

पण आनंद काही टिकेना. त्याच्या बुडाशी काहीतरी खुपत होतं आणि ते काय हे तिला धड सांगताही आलं नसतं. लाजलेली मुलगी कॅलेंडरकडे अशी बघते? सलीमा स्वतःच्या लग्नाच्या वेळी जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान तापले होते, एवढं तिला आठवत होतं. तरन्नुमचे कान पांढरे पडले होते.

ती आतल्या खोलीत गेली. "आपा, चहा निवतोय. यांना घेऊन बाहेर चला. मी हिला जरा नीट तयार करून आणते." आपा उठल्या, शहेजादच्या अम्मीला घेऊन गेल्या. सलीमाने दार लावून घेतलं.

"डॉक्टरांशी बोलले मी आत्ता."

तरन्नुमने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"बोलायला सांगितलंय तुला. घरी का नाही सांगितलंस? बरं, ते जाऊ दे. शहेजाद हवा आहे का तुला? हो असेल तर हो म्हण. मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू? नको असेल तर नको म्हण. पण काहीतरी म्हण बाई. माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

तरन्नुमने तोंड उघडलं. श्वास घेतला. आणि पुन्हा मिटलं. तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

सलीमा तिच्या शेजारी बसली. "घाबरलीस?"

मान हलली. हो.

"एकदाही आवाज काढून बघितला नाहीस? बाथरूममध्येसुद्धा?"

मान हलली. नाही.

म्हणजे मान चांगली होती. सलीमाला आता एक एक करून समजायला लागलं, आणि जे समजलं ते तिला मुळीच आवडलं नाही. आवाज काढला नाही तोवर गेला असंही म्हणता येत नाही. आणि गेलाच असेल, तर मग काय राहिलं? पुणं काय, खराडी काय, शहेजाद काय, आणखी कोणी काय, पोरीला सगळं सारखंच.

"आवाज नसला तर कोणाशीही लग्न झालं तरी काय फरक पडतो, असंच ना?"

तरन्नुमचे डोळे भरून वाहायला लागले. तिने पुसलेही नाहीत. सलीमाला रडू यायच्या आधी राग आला. पोरीचा आला, आपांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला, मघाशी ओट्यापाशी झालेल्या आनंदाचा.

"त्या मुलाने तुझं काय घोडं मारलंय? चांगला मुलगा आहे तो. काय फरक पडतो म्हणून मिळालेली बायको घेऊन त्याने काय करायचं? बस सरळ. पाठ ताठ कर."

आणि सलीमाने स्वतःच ओठ सैल सोडले आणि फुरफुर सुरू केली. रोशन मिस सांगत तशी, हवा एकसारखी सोडत. इतकी वर्षं लसूण सोलता सोलता तिने ती ऐकली होती, केली कधीच नव्हती. थुंकी उडाली. दम संपला. तिने पुन्हा केली. अशी चाळिशी उलटलेली बाई, जरीची ओढणी घेऊन, पाहुणे बाहेर बसलेले असताना ओठ फुरफुरवतेय. तरन्नुमला रडतारडता हसू फुटलं, बिनआवाजाचं. मग तिनेही ओठ सैल केले.

आधी नुसती हवा आली. मग खालून एक घोगरा, मळका सूर निघाला. तरन्नुम दचकून थांबली. सलीमाने तिच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा फुरफुर, पुन्हा सूर, थोडा वर, आणखी थोडा वर. मग तिने तोंड उघडून आ लावला. तो भरला, खोलीभर झाला. बाहेर दिवाणखान्यात कपबश्यांचा आवाज थांबला. तरन्नुम पायरीपायरीने चढत गेली, आणि एका जागी आवाज सुटला. नुसती हवा. तिने खाली येऊन पुन्हा चढून पाहिलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा मात्र त्याच्याही वर कुठेतरी एक बारीक, खरखरता धागा लागला आणि तुटला.

सलीमाला यातलं काही कळलं नाही. हे चांगलं होतं की वाईट?

"आहे का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," तरन्नुम म्हणाली.

घरी आल्यापासून तिचा पहिला शब्द. जाडा, अनोळखी आवाज होता तो. सलीमाने तिचा हात घट्ट धरला.

"वर काहीतरी आहे, अम्मी. पण मला तिथे राहता येत नाही अजून."

"येईल?"

"माहीत नाही. तिकडे तालमीला उभी राहिले की कळेल. कदाचित नाही जमणार. सगळ्यांसमोर नाही जमणार."

"मग थांब ना थोडी. बरी हो. कशाला जायचं?"

"नाही गेले तर दुसरी घेतील. आणि मला कधीच कळणार नाही." तिने नाक ओढलं. "पण मला फार भीती वाटते. तू थांब म्हणालीस ना, तर मी थांबेन."

दोघी बाहेर आल्या. तरन्नुम थेट मिसबा फुफीपुढे जाऊन उभी राहिली. "फुफी, मी हो म्हणाले नव्हते."

मिसबा आपांचा चेहरा पडला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"भीती वाटत होती."

"माझी?"

"तुमची नाही. आवाजाची. आहे की गेला, त्याची."

शहेजादने बाल्कनीच्या दाराशी घसा साफ केला. "अॅक्चुअली, आंटी, मलाही कोणी नीट विचारलं नव्हतं. मला वाटलं तिचं फायनल आहे, मग मी कशाला मध्ये बोलू?"

"तूही?" त्याची अम्मी म्हणाली.

"तू म्हणालीस, गप्प आहेस म्हणजे हो समजते. मी म्हटलं, समज."

"आता मी ग्रुपवर काय टाकू?" अल्ताफने विचारलं.

"टाक, पोरगी बोलली म्हणून," नियाज म्हणाले. ते उठून उभे राहिले होते आणि त्यांना पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून पुन्हा खाली बसले.

शहेजादची अम्मी खरंच भली बाई. तिने पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, पेढे चांगले आहेत, वाया कशाला घालवायचे. मिसबा आपांना मात्र ते सोपं गेलं नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग तो काढून सरळ सलीमाकडे पाहिलं.

"सगळे बोलून झाले. एक तू राहिलीस," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. "ऐकलं मीही आतलं. वरती फाटतोय आवाज. तिकडे जाऊन नाहीच लागला तर? परक्या मुलखात एकटी रडेल पोरगी, पाणी द्यायला कोण आहे? सलीमा, तू आई आहेस. तूच सांग. जाऊ दे की राहू दे?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तरन्नुमनेही. त्या डोळ्यांत काय होतं ते या वेळी सलीमाला अगदी स्वच्छ वाचता आलं. आईने राहा म्हणावं, असंच होतं त्यात. राहा म्हटलं असतं तर पोरगी राहिली असती, सुटल्यासारखी राहिली असती, आणि कोणी कोणाला दोष दिला नसता. 'राहू दे' सलीमाच्या जिभेवर तयार होतं. दिवसभरातली ती एकच गोष्ट तिला नक्की ठाऊक होती, की तिला मुलगी इथे हवी होती.

"जाऊ दे," ती म्हणाली.

"काय?"

"जाऊ दे म्हटलं, आपा. पुन्हा विचारू नका."